दार उघडा, पण कोठीची किल्ली देऊ नका!

मित्रमैत्रिणींनो, एक प्रश्न. विठ्ठलवाडीहून लोकल पकडून कल्याणच्या रिझर्व्हेशन खिडकीपुढे उभे असलेले काका आणि हॉस्टेलच्या कॉटवर लोळत मोबाईलवरून तिकीट काढणारे तुम्ही, दोघांनी एकाच क्षणी शेवटची सीट मागितली तर? ती मिळेल एकालाच! कारण खिडकी वेगळी, मोबाईल वेगळा, पण मागचा हिशोब एकच.

आयआरसीटीसीची इंटरनेट तिकिटं ३ ऑगस्ट २००२ ला सुरू झाली. तेव्हा रेल्वेने आपली जुनी आरक्षण यंत्रणा फेकून दिली नाही, तिला फक्त एक नवं दार काढलं. २०१० साली बसवलेली यंत्रणा ओपनव्हीएमएसवर चालते आणि मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटं देते, असं २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं. या ओपनव्हीएमएसचा पाया १९७७ चा! म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईबाबांच्या वयाचा. म्हणून "जुनं ते टाकाऊ" हे आपलं लाडकं वाक्य मला पटत नाही.

कंपन्यांमध्ये अशीच गोष्ट आयबीएमच्या एएस/४०० ची. जून १९८८ मध्ये आलेला हा मधल्या आकाराचा सर्व्हर, आज त्याची सिस्टीम 'आयबीएम आय' या नावाने ओळखली जाते. डेटाबेस सिस्टीमच्या आतच असतो, वेगळा टाकावा लागत नाही. ओडीबीसी किंवा जेडीबीसीचा ड्रायव्हर घ्या, सर्व्हरचा पत्ता, युजर आणि पासवर्ड द्या, फायरवॉलमध्ये ठरलेले पोर्ट उघडा, की झालं कनेक्शन. एका दुपारचं काम.

खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनवर काम करणाऱ्या क्लार्कला फक्त मेनू दिसतो. चार पर्याय, बाकी सगळं बंद. आपल्या मेसच्या खिडकीसारखं. पोळी-भाजी मिळते, कोठीत जाता येत नाही. पण मेनू म्हणजे कुलूप नव्हे! मुद्दाम बदललं नाही, तर नव्या फाइलवर सगळ्यांनाच वाचायचा आणि बदलायचा अधिकार मिळतो. तोच क्लार्क तोच पासवर्ड घेऊन ओडीबीसीने आला, तर मेनू वाटेत येतच नाही. तो थेट कोठीत!

सुट्टीत ट्रेनिंगसाठी मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत जात होते. तिथे वेबसाइटचं कनेक्शन चक्क सर्वाधिकार असलेल्या युजरने जोडलेलं होतं आणि त्याचा पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "चालतंय ना?"

दुसरा जुगाड याहून वाईट. फाइलमधल्या बदलांचं जर्नल चालू नसेल, तर बाहेरून अपडेट करताना एसक्यूएल७००८ ही एरर येते. उपाय सरळ आहे, जर्नल चालू करा. पण लोक काय करतात? ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन कमिट कंट्रोलच बंद करतात. एरर गायब, सगळे खूश! मग मधेच नेटवर्क गेलं, की स्टॉकमधून माल कमी झालेला आणि बिल मात्र बनलेलंच नाही. बिचारा स्टोअरकीपर रात्रभर हिशोब जुळवत बसतो.

उल्हासनगरचा जुगाड जगप्रसिद्ध आहे, कॅम्प पाचमध्ये राहून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मशीनचा पट्टा तात्पुरता बांधणं वेगळं आणि हजारो लोकांच्या नोंदी उघड्या टाकणं वेगळं. माझं मत साधं आहे. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतःचा युजर द्या, लागेल तेवढाच अधिकार द्या. टेबलं बाहेर न दाखवता स्टोअर्ड प्रोसिजरची खिडकी ठेवा. आणि पासवर्ड तारेवरून उघडा जाऊ नये म्हणून टीएलएस वापरा. याला पैसे फारसे लागत नाहीत, दोन दिवस जास्त लागतात इतकंच.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. फायनल इयरच्या व्हायवामध्ये "कनेक्ट होतंय का?" हे तुम्ही विचारताच. त्याबरोबर "कोणाच्या नावाने कनेक्ट होतंय, आणि त्याला काय काय करता येतं?" हेही विचारा. सुरुवातीला आमची दांडी गुल होईल, पण पुढे नोकरीत कोणाची तरी कोठी वाचेल.