दोनास एक, हा कुठला सौदा?

जर्मनीत २००४ साली निघालेल्या ‘ट्रॅव्हियन’ या ऑनलाइन खेळाच्या बाजारात खेळाडू लाकूड, माती, लोखंड, धान्य यांची आपसात अदलाबदल करतात. एकाला दोन मागण्याची तिथे मुभा आहे. ज्याचं कोठार रिकामं, त्याचे सैनिक उपाशी मरू लागतात. मग तो दुप्पट लाकूड देऊन धान्य घेतो. याला म्हणे राजीखुशीचा सौदा! गळा आवळलेल्याची कसली आलीय खुशी?

खऱ्या पैशांनी सोनं विकत घेणारा मात्र ३ नाणी टाकून आपला माल क्षणात एकास एक बदलतो. म्हणजे रास्त भाव खेळ चालवणाऱ्यांना ठाऊक आहे, फक्त तो पाकीटवाल्यांसाठी राखलाय. ‘फुकट खेळता, वर तक्रार?’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, फुकटे उठून गेले तर तुमचं सोनं कुणावर मिरवणार? दुपटीची मुभा काढा. निदान धान्याला तरी सव्वापटीची मर्यादा घाला.