फाटक्या आवाजाचे श्रेय

मांडवातल्या कर्ण्याचा आवाज फाटला की साउंडवाला धावत येऊन व्हॉल्यूम उतरवतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे मात्र नेमके त्या फाटण्यावर जीव टाकतात, आणि कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: व्हॉल्व्ह. काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर असेल तर आवाज गोड फाटतो, ट्रान्झिस्टरचा असेल तर कर्कश. या समजुतीत तथ्य आहे, पण जेमतेम निम्मे. आवाज केव्हा फाटायला लागेल, हे व्हॉल्व्ह ठरवतो. फाटल्यावर तो कानाला कसा लागेल, हे बव्हंशी त्याच्या आजूबाजूची मंडळी ठरवतात.

फाटत्या अँप्लिफायरमधून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर आपोआप तयार होतात. ११० हर्ट्‌झचा षड्ज आणि सुमारे १६५ चा पंचम यांची वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. आवाज भरदार होतो. त्यातच गिटारवरचा १३८.६ चा गांधार मिसळला, की २८.६ आणि २६.४ असे दोन सूर एकमेकांना घासू लागतात आणि सगळा चिखल होतो. रॉकवाले गांधार गाळून षड्ज-पंचमावर भागवतात ते यामुळे. हे गणित व्हॉल्व्हला लागू तसेच ट्रान्झिस्टरलाही. म्हणून फाटणाऱ्या टप्प्याच्या आधीच थोडा खर्ज कापून टाकावा लागतो, आणि ते काम बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर करतो. त्याच्या नावाने कुणी जाहिरात करत नाही, इतकेच. पलीकडच्या टोकाला स्पीकर. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वर फारसे काही ऐकवतच नाही. तो वगळून तोच फाटका आवाज थेट हेडफोनवर ऐकला, तर डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीची आठवण होते.

याचा पुरावा इतिहासातच आहे. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या तंत्रज्ञांनी १९६२ च्या सुमारास जेटीएम ४५ हा अँप्लिफायर बांधला, तो फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ अँप्लिफायरची मांडणी जवळपास जशीच्या तशी उचलून. पहिल्या टप्प्यात जास्त ताकदीचा व्हॉल्व्ह बसवला, त्यामुळे आवाज लवकर फाटू लागला, हे खरे. पण बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत १० इंची चार स्पीकर होते, तर मार्शलने १२ इंची चार स्पीकर बंद पेटीत कोंडले. त्या पेटीतून निघणारा आवाज वेगळ्याच घराण्याचा झाला. ‘किंक्स’ या रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर १९६४ मध्ये स्पीकरचा कागदच ब्लेडने फाडला होता. तिथे फाटले ते शब्दशः.

यावर आक्षेप म्हणून रसेल हॅमच्या १९७३ च्या निबंधाचा दाखला हमखास दिला जातो. अतिभार पडला की व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर वेगवेगळे उपस्वर देतात, असे त्यात दाखवले आहे. निबंध उत्तमच आहे, पण त्यातली मोजमापे मायक्रोफोनच्या प्रीअँपची होती. गिटारच्या मोठ्या अँप्लिफायरमध्ये शेवटी व्हॉल्व्हची जोडी उलटसुलट काम करते, आणि ज्या सम उपस्वरांच्या गोडव्याचे गोडवे गायले जातात ते तिथे बरेचसे एकमेकांना छेदून जातात. दुसरा आक्षेप वादकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे: तार जोरात छेडली की आवाज क्षणभर दबतो, मग फुलतो, आणि हे बोटांना जाणवते. खरेच जाणवते. पण हा बराचसा वीजपुरवठ्याचा खेळ, वीज एकदिश करणाऱ्या रेक्टिफायरवर ताण आल्याने विजेचा दाब खाली जातो त्याचा. तो रेक्टिफायर पुष्कळदा स्वतःच व्हॉल्व्ह असतो हे मान्य. मात्र गिटारचा आवाज त्यातून जातच नाही.

मग जुने ट्रान्झिस्टर अँप्लिफायर इतके रुक्ष का वाजायचे? त्यांत स्वच्छ आवाजासाठी फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाचा अंश उलटा करून परत आत सोडणे, ठासून भरलेला असे. त्यामुळे लाट मर्यादेला पोचली की कडेला सुरीने कापल्यासारखी तुटे, आणि स्पीकरवरही घट्ट लगाम राही. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकरला सैल सोडतो, म्हणून स्पीकरचा स्वतःचा घुमारा १०० हर्ट्‌झच्या आसपास वर येतो. ही ढिलाई ट्रान्झिस्टरमध्येही आणता येते. फीडबॅक वेगळ्या पद्धतीने जोडून ती पुढे आणलीही गेली. तेव्हा व्हॉल्व्हचा महागडा जुना संच मागवण्याआधी पेटीतला स्पीकर एकदा बदलून पाहावा.