दवाखान्यातून सुटला, पण बरा झाला का?



आपल्याकडे माणूस अतिदक्षता विभागात गेला की सारा गाव हलतो. कुणी गाडी काढतो, कुणी उसनवारीने पैसे उभे करतो, रक्त द्यायला पोरं रांग लावतात. पंधरा दिवसांनी तो मशिनवरून सुटून घरी आला की देवाला नारळ फुटतो, भेटणारे भेटून जातात आणि विषय मिटतो. आमचे म्हणणे असे, की त्याला दवाखान्याइतकाच आधार पुढे वर्षभर लागतो, आणि नेमके तेव्हा कोणी उरलेले नसते.

महिना-दोन महिने जातात. माणूस दिसायला धड, पण बांधापर्यंत चालला की खाली बसतो. रात्री दचकून उठतो. पाण्याची पाळी विसरतो, बिलाचा हिशेब दोनदा मांडून चुकतो, बारीकसारीक गोष्टीवरून घरच्यांवर खेकसतो. मग भावकीत कुजबुज सुरू होते. "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" "बाहेरचं काहीतरी असंल." अहो, हे दुखणेच आहे! २०१२ पासून डॉक्टर लोकांनी त्याला नावही दिले आहे : पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, म्हणजे अतिदक्षतेतून वाचल्यावर मागे राहणारी शरीराची, बुद्धीची आणि मनाची दुखणी.

कॅनडात टोरांटो येथे डॉ. मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्या १०९ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले व २००३ साली निष्कर्ष छापले. हे काही म्हातारे-कोतारे नव्हते, बरेचसे ऐन कर्त्या वयातले. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी १८ टक्के घटले होते. म्हणजे ७० किलोचा गडी सत्तावन्नवर! सहा महिन्यांत फुप्फुसे बरीच सुधारली, पण अंगात ताकद येईना. वर्षाअखेर कामावर परतले ते निम्मेच. २०११ मध्ये पाच वर्षांचा हिशेब आला, त्यातही चालण्याची ताकद पहिल्यासारखी झालेली नव्हती. पडून राहिल्याने स्नायू झडतातच; पण जबर आजारात शरीर स्वतःचेच मांस जाळते आणि नसाही दुबळ्या होतात. ते दोन सलाइनने भरून येत नाही.

बुद्धीचे तसेच. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ८२१ रुग्ण घेऊन केलेले काम २०१३ साली प्रसिद्ध झाले. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी दहांतल्या चौघांची स्मरणशक्ती व विचारशक्ती डोक्याला बऱ्यापैकी मार लागलेल्या माणसाइतकी मंदावलेली होती, तरुणांचीसुद्धा. दवाखान्यात जितके जास्त दिवस भ्रमात गेले, तितकी ही मंदी अधिक. म्हणून आमची कळकळीची विनंती, असल्या माणसाकडून पहिले काही महिने वाटणीच्या, कर्जाच्या कागदांवर घाईने सह्या घेऊ नयेत. मुद्दाम अशीच वेळ साधणारे लोक प्रत्येक गावात असतात, नावे घ्यायला नकोत.

२०२०-२१ च्या कोरोनात मशिनवरून परत आलेले, उसात मण्यार चावून व्हेंटिलेटरवर दिवस काढलेले, फवारणीचे औषध अंगात भिनलेले, ही सारी आपल्याच शिवारातली माणसे. लागणीच्या उसाला आपण जीव लावतो आणि खोडव्याला "येईल आपोआप" म्हणून सोडून देतो. एकरी टनेज कुठे जाते ते मग काट्यावर दिसते. माणसाचेही तेच करून ठेवले आहे.

घरच्यांनी काय करावे? रोज थोडे चालणे, थोडे वाढवणे, व्यायामोपचार करणाऱ्याला विचारून. डॉक्टरांची मनाई नसेल तर डाळ, अंडी, दूध भरपूर. घशात नळी घातलेल्या माणसाचा श्वास काही आठवड्यांनी घरघरू लागला तर दम्याचे औषध देत बसू नये. श्वासनलिका आवळत असू शकते, ताबडतोब डॉक्टर गाठावा. डेन्मार्क, स्वीडनकडे परिचारिका रुग्णाच्या बेशुद्धीतल्या दिवसांची रोजनिशी लिहितात. मधले दिवस डोक्यातून पुसलेले असतात किंवा भलत्याच भीतीने भरलेले असतात, त्यांचा मेळ लावायला ती काहींना उपयोगी पडते. आपल्या पोरांना हे शाळेच्या वहीतही जमेल. आणि रात्रंदिवस दवाखान्याच्या बाकावर काढलेल्या बायकोचीही झोप उडालेली असते, तिलाही कुणीतरी विचारावे. (भेटायला गेल्यावर "किती वाळलास रे" एवढेच बोलून परत येऊ नये, हेही जाता जाता.)

आता संस्थेचे काम. सभासदाला आजारपणात मदत द्यायची म्हटले की आपला हिशेब दवाखान्याच्या बिलापाशी थांबतो. घरी आल्यानंतरचा व्यायामोपचार, तपासणीच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांचे बिलच फाटत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही. आमची सूचना अशी : अतिदक्षता विभागातून आलेल्या सभासदाला सहा महिन्यांपर्यंत व्यायामोपचारासाठी साहाय्य द्यावे, त्याची ऊसनोंद व तोडीची तारीख शेतकी खात्याने चिटबॉयमार्फत घरी जाऊन कळवावी, आणि पीककर्जाच्या मुदतीबाबत सेवा सोसायटीकडे कारखान्याने शब्द टाकावा. खर्च कितपत पडेल याचा अंदाज संचालक मंडळाने काढावा. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यायचा तर लेखी सूचना मुदतीत जावी लागते. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी गट ऑफिसात नाव कळवावे, म्हणजे सभेपुढे नक्की आकडा ठेवता येईल.