इंजिन कुठल्या गाडीला लावलंय?

तुमच्या लॅपटॉपवर जिने सगळं सेट करून दिलंय, तीच मैत्रीण विपश्यनेला बसली तर? सॉल्लिड वाट लागते, बॉस!

शनिवारी तिला इगतपुरीला सोडायला गेले. धम्मगिरी, १९७६ पासूनचं केंद्र. दहा दिवसांचं शिबिर, मौन, मोबाइल पहिल्याच संध्याकाळी जमा. गेटवर म्हणाली, "अगं, स्क्रिप्ट रेडी आहे. काही अडलं तर..." आणि दोघी हसलो. अडलं तर काय, डोंबल?

स्टेशनजवळ रूम घेतली. घाटातल्या पावसावरचा लेख रात्री नऊला द्यायचा होता. तिच्या पायथन स्क्रिप्टने बेरजा केल्या, पण एका वर्षाचा जुलै भलताच कमी! इगतपुरीचा जुलै आणि कोरडा? हेडिंग त्याच आकड्यावर होतं, खाली नाव माझं.

म्हणून व्हीएस कोडमध्ये बेरजेच्या ओळीशेजारी लाल ठिपका ठेवला, एफ-फाइव्ह दाबलं. उत्तर आलं, 'पांडाज' नावाचं मॉड्यूलच नाही. अरे, आत्ता तर टर्मिनलमध्ये चाललं! पुन्हा टर्मिनल, चालतंय. पुन्हा एफ-फाइव्ह, मोडतंय. टर्मिनलमध्ये इन्स्टॉल करायला सांगितलं तर म्हणे, 'ऑलरेडी सॅटिस्फाइड'. तो असेल, मी नव्हते.

वैतागून प्लॅटफॉर्मवर चहाला गेले. कसाऱ्याला मागून लावलेली बँकर इंजिनं इथे सुटतात. घाटाचा चढ ३७ला १, ढकलणारं कुणीतरी लागतंच. पूर्वी तर इथे इंजिनच बदलायचे. मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी, पुढे २५,००० व्होल्ट एसी. चहावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, इंजिन ज्या गाडीला लावलं तीच गाडी हलणार ना?"

हलले मी!

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे एका प्रोजेक्टचा स्वतःचा पायथन आणि त्याच्या लायब्रऱ्या. 'अ‍ॅक्टिव्हेट' केलं की 'पायथन' म्हटल्यावर कुठला पायथन धावणार, ते ठरतं. पण फक्त त्याच टर्मिनलपुरतं. एफ-फाइव्ह स्वतःचं वेगळं टर्मिनल उघडतं आणि एडिटरमध्ये निवडलेला पायथन चालवतं. मी घाईत बाहेरचं मोठं फोल्डर उघडलं होतं. आतलं एन्व्हायर्नमेंट एडिटरला दिसलंच नाही, त्याने कॉम्प्युटरचा मूळ पायथन धरला. त्यात कुठला पांडाज? दोन्हीकडे 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करून बघितलं, दोन वेगळे पत्ते! (हे तासाभरापूर्वी सुचलं असतं तर चहा निवांत प्यायले असते.)

कंट्रोल-शिफ्ट-पी, 'सिलेक्ट इंटरप्रिटर', आणि आतल्या फोल्डरमधल्या पायथनचा पत्ता दिला. एफ-फाइव्ह. लाल ठिपक्यावर स्क्रिप्ट शहाण्यासारखी थांबली. मग दिसलं, जुलैतल्या कित्येक दिवसांची नोंदच नव्हती. रिकामे रकाने, आणि बेरजेत ते गुपचूप शून्य झालेले.

नऊला दहा कमी असताना संपादकांना फोन केला.

"सर, जुलैचा आकडा काढा."

"मग हेडिंग काय देऊ?"

"काहीही द्या, पण पाऊस कमी झाला असं नको."

बरंच बोलले. पण काढला.

अकराव्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. "झालं का गं काम? पहिल्याच ध्यानात आठवलं, आतलं फोल्डर उघड हे सांगायचंच राहिलं. दहा दिवस श्वास सोडून तेच बघत होते!"