पंख नसलेल्या रातकिड्याला नाव कोण देणार?

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली हा मराठवाड्यातील एक लहान जिल्हा. औंढ्याचे नागनाथ ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे नर्सी आणि वसमतची हळद ही त्याची परंपरागत ओळख. या ओळखीत आता ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेची भर पडत आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात होणाऱ्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेले अतिसूक्ष्म तरंग चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांनी टिपायचे, हे तिचे काम. त्यासाठी लागणारी शांत, स्थिर भूमी हिंगोलीत मिळाली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या भूमीवरून आकाशाचा वेध घेतला जात असताना, तिच्या दगडाखाली, पाचोळ्यात आणि वारुळांत कोण राहते, याची यादी कोणाकडे आहे? या प्रश्नाचे महत्त्व पटण्यासाठी एकच प्राणी पुरेसा आहे : पंख नसलेला रातकिडा.

रातकिडा सर्वांना परिचित आहे, परंतु तो आवाजापुरता. नर पुढचे दोन पंख एकमेकांवर घासतो. एका पंखावरील दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर फिरते आणि किरकिर उमटते. ती ऐकण्याचे पडदे त्याच्या पुढच्या पायांवर असतात. प्रत्येक प्रजातीचा स्वर वेगळा असल्याने, दिसायला सारखे असलेले रातकिडेही आवाजावरून वेगळे ओळखता येतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. रोहिणी बालकृष्णन यांनी याच दिशेने महत्त्वाचे संशोधन केले आहे. परंतु ज्याला पंखच नाहीत, त्याचे काय? त्याला ही किरकिर करता येत नाही आणि अशा अनेक प्रजातींत पायांवरील पडदेही उरलेले नाहीत. ध्वनिमुद्रण यंत्राला तो सापडत नाही, दिव्याच्या सापळ्याकडे तो उडत येत नाही. गुडघे टेकून, दगड उलथून, पाचोळा चाळून जो शोधील, त्यालाच तो दिसतो.

दिसला तरी ओळखणे सोपे नाही. रातकिड्याच्या पिलांना सुरुवातीला पंख नसतात. ते शेवटच्या काही कातींबरोबर वाढतात. त्यामुळे पंख असलेल्या सामान्य प्रजातीचे पिल्लू हाती घेऊन ‘नवी बिनपंखी प्रजाती’ जाहीर करण्याचा धोका नेहमीच असतो. काही प्रजातींत तर लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकारचे प्रौढ आढळतात. मुंग्यांच्या वारुळात राहणारे, काही मिलिमीटर लांबीचे बिनपंखी रातकिडे जगात अनेक ठिकाणी आहेत. त्यांपैकी एकाचे वर्णन जर्मन कीटकतज्ज्ञ पॅन्झर यांनी १७९९मध्ये केले, तेव्हा त्यांनी त्याला झुरळांच्या घराण्यात बसविले! पुढे ही चूक दुरुस्त झाली. जे पॅन्झर यांच्यासारख्या अभ्यासकाच्या बाबतीत घडले, ते छायाचित्र पाहून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांच्या बाबतीत सहज घडू शकते.

म्हणूनच नव्या प्रजातीचे वर्णन ही तपश्चर्या ठरते. नमुना प्रौढ आहे याची प्रथम खात्री करावी लागते. नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून तिचे रेखाटन करावे लागते, कारण रातकिड्यांत दोन प्रजातींमधला खरा भेद बहुधा तेथेच सापडतो. पायांवरील काट्यांची मांडणी, शरीराची मापे, आवश्यक तेथे जनुकीय तपासणी, या सर्व गोष्टी पूर्वी वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या प्रजातीशी ताडून पाहाव्या लागतात. त्यानंतर एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे प्रमाण नमुना, म्हणून निश्चित होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन शब्दांचे नाव दिले जाते. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या प्रजातीचा. लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून प्राणिशास्त्रात ही शिस्त पाळली जाते. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर तो संशोधक त्या प्रमाण नमुन्यापाशीच परत येतो.

हे नमुने कोठे आहेत, हा प्रश्न भारतीयांसाठी जिव्हाळ्याचा आहे. भारतातील रातकिड्यांचा आरंभीचा अभ्यास युरोपीय विद्वानांनी केला. फ्रान्सिस वॉकर यांनी १८६९मध्ये ब्रिटिश म्युझियममधील संग्रहाची सूची केली, तर जिनिव्हाच्या हेन्री द सोस्यूर यांनी १८७०च्या दशकात रातकिड्यांवर मोठे काम केले. त्यांच्या परिश्रमांचे मोल मान्य करूनही वस्तुस्थिती अशी की, भारताच्या मातीतील अनेक प्रजातींचे प्रमाण नमुने लंडन, पॅरिस, जिनिव्हा येथील कपाटांत राहिले. स्वातंत्र्यानंतर बावीस वर्षांनी, १९६९मध्ये, भारतीय प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत रातकिड्यांवरील खंड प्रसिद्ध झाला. त्याचे लेखकही पॅरिसचे ल्युसियाँ शोपार होते. या परावलंबनावर जैवविविधता कायदा, २००२ याने एक उपाय दिला. या कायद्याच्या कलम ३९नुसार नव्याने सापडलेल्या प्रजातीची माहिती व नमुने देशातील अधिकृत संग्रहसंस्थेकडे देणे बंधनकारक झाले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र तर पुण्यातच आहे. कपाट आता घरात आहे. ते भरणारी माणसे घडवायची आहेत.

दुर्दैवाने नेमके तेच होत नाही. प्राध्यापकाची पदोन्नती शोधनिबंधांच्या गुणांवर आणि संशोधनपत्रिकेच्या प्रभावांकावर मोजण्याची रीत रूढ झाली. वर्गीकरणाचा निबंध तत्काळ फारसा उद्धृत होत नाही; तो पन्नास वर्षे वापरला जातो. २०२० साली तर नव्या प्राण्यांची वर्णने मोठ्या संख्येने छापणाऱ्या ‘झूटॅक्सा’ या पत्रिकेचा प्रभावांकच काढून घेण्यात आला. जगभरच्या अभ्यासकांनी निषेध केल्यावर तो पूर्ववत झाला. जेथे कामाचे माप असे हेलकावे खाते, तेथे तालुक्याच्या महाविद्यालयातील तरुण अध्यापकाने चार वर्षे एका किड्यामागे का घालवावीत?

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो. मराठवाड्यात पाण्याची टंचाई आहे, सोयाबीनला भाव नाही, अशा वेळी रातकिड्याच्या नावाने कोणाचे पोट भरणार? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर एक अळी दिसली. ती नेहमीची नसून अमेरिका खंडातून आलेली लष्करी अळी आहे, हे तेथील कीटकतज्ज्ञांनी ओळखले. काही महिन्यांतच ती महाराष्ट्राच्या मक्यावरही आली. तिची ओळख पटली नसती, तर शेतकरी भलत्याच किडीचे औषध फवारत राहिला असता. एका अळीला दुसरीपासून वेगळे ओळखणारी नजर संकट आल्यावर बाजारातून विकत घेता येत नाही. ती निरुपद्रवी, निरुपयोगी वाटणाऱ्या किड्यांच्या अभ्यासातूनच तयार होते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. उडता न येणारा प्राणी फार दूर पसरत नाही. त्याचे सारे जग अनेकदा एखाद्या डोंगरापुरते किंवा माळापुरते असते. आणि शासकीय नोंदींत गवताळ माळरानाला बहुधा ‘पडीक’ म्हटले जाते. पडीक ठरलेल्या जमिनीवर काहीही करावे. कोणी अडवीत नाही. वाघ, माळढोक यांच्यासाठी कायदा आहे, कारण त्यांना नाव आहे. ज्याला नाव नाही, त्याला कोणत्याही अनुसूचीत जागा नाही. त्याचा शेवट झाला, तरी मृत्यूची नोंद होत नाही, कारण जन्माचीच नोंद नव्हती. प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४मध्ये देशातील १,०४,५६१ प्राणिप्रजातींची सूची प्रसिद्ध केली. ही मोठी कामगिरी आहे. परंतु ती सूची ज्ञात प्राण्यांची आहे; अज्ञातांची सूची करता येत नाही, त्यांना शोधावेच लागते.

नाव देण्यात कृतज्ञताही असते. ठाणे परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१मध्ये ‘इसियस तुकारामी’ हे नाव दिले गेले. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात कसाबला पकडून ठेवताना प्राणार्पण करणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांची स्मृती त्यामुळे जगाच्या प्राणिशास्त्रात कायमची नोंदली गेली. तथापि, नावाचा सोहळा एका दिवसाचा असतो. त्यामागे सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेल्या अभ्यासकांचे कष्ट असतात, हे टाळ्या वाजविताना विसरता कामा नये.

हिंगोलीत हे काम अशक्य नाही. जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील माळ ऋतूनिहाय तपासावेत आणि नमुने पुण्याच्या केंद्रात रीतसर जमा करावेत. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडे लोक जैवविविधता नोंदवही असणे कायद्याने अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत ‘रातकिडा’ एवढा एकच शब्द लिहिला, तर रकाना भरतो, ओळख होत नाही. गुराखी, शेतमजूर आणि शाळकरी मुले यांना कोणता किडा कोठे, केव्हा दिसतो हे ठाऊक असते. त्यांचे ज्ञान आणि प्राध्यापकाचा सूक्ष्मदर्शक यांची गाठ पडली पाहिजे. विद्यापीठाने वर्गीकरणाच्या एका प्रबंधाला दहा चटपटीत निबंधांइतके मोल द्यावे. यासाठी २,६०० कोटी लागत नाहीत. एक बरा सूक्ष्मदर्शक, थोडे अल्कोहोल, प्रवासखर्च आणि चिकाटीचा एक गुरू एवढे पुरेसे आहे.

दूरच्या ताऱ्यांचे तरंग टिपणारी वेधशाळा हिंगोलीत व्हावी आणि त्याच माळावरचा, ना गाणारा ना उडणारा जीव नावाविना संपून जावा, हे ज्ञानाची उपासना करणाऱ्या समाजाला शोभणारे नाही. आकाशाकडे पाहणारे शास्त्रज्ञ देशाला मिळाले आहेत. आता मातीकडे पाहणारेही हवेत, आणि ते याच मातीतून उभे राहावे लागतील.