विश्लेषण : अमेरिकी कॉमिक्सचा ‘बुधवार’ का डळमळला? समीक्षा येण्याआधीच अंकाचे भवितव्य कसे ठरते?

अमेरिकेत दर बुधवारी कॉमिक्सचे नवे अंक दुकानांत येतात. त्याच दिवशी सकाळपासून मोबाइलवर समीक्षांचा पाऊस सुरू होतो. कोणता अंक घ्यावा, कोणता सोडावा, दहापैकी किती गुण, असा सगळा मामला. मात्र वाचक ही समीक्षा वाचत असतो, तोवर त्या अंकाच्या किती प्रती दुकानात येणार हे ठरून बरेच आठवडे झालेले असतात. ज्या व्यवस्थेने हे गणित तीसेक वर्षे सांभाळले, तिचा मुख्य खांब असलेल्या ‘डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स’ या वितरक कंपनीने 14 जानेवारी 2025 रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याची झळ सुपरहिरोंच्या बड्या कंपन्यांपेक्षा गल्लीतल्या दुकानदाराला आणि छोट्या प्रकाशकाला अधिक बसली.

न खपलेला अंक कोणाचा?

आपल्याकडे स्टेशनवरच्या स्टॉलवाल्याला न खपलेली मासिके परत करता येतात. अमेरिकेतही पूर्वी कॉमिक्स अशीच विकली जात. 1970च्या दशकात फिल सुलिंग या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने प्रकाशकांपुढे वेगळा सौदा ठेवला. आम्हाला जास्त सवलत द्या, त्या बदल्यात उरलेला माल आम्ही परत करणार नाही. प्रकाशकांना हे सोयीचेच होते. आधी मागणी घ्यायची, तेवढेच छापायचे, नुकसानीची चिंता नाही. फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने या सौद्यावर उभी राहिली आणि जोखीम कायमची दुकानदाराच्या गळ्यात पडली.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. पाच डॉलर किमतीचा अंक दुकानदाराला साधारण अडीच डॉलरला पडतो असे धरू. त्याने 20 प्रती मागवल्या, म्हणजे 50 डॉलर गुंतले. दहा विकल्या तर जेमतेम भांडवल सुटते. भाडे, वीज, पगार खिशातून. चौदा विकल्या तर 20 डॉलर हाती राहतात. उरलेल्या सहा प्रती मागच्या खोक्यात जातात, कारण पुढच्या बुधवारी नवे अंक आलेले असतात आणि जुन्याकडे सहसा कोणी वळत नाही. आठवड्याला अशी डझनावारी शीर्षके असतात. त्यामुळे प्रत्येक अंकामागे दोन-तीन प्रतींचा अंदाज चुकला तरी महिन्याचा हिशेब कोलमडतो.

मग समीक्षेचा उपयोग काय?

येथे वेळापत्रक समजून घ्यावे लागते. नव्या अंकाची जाहिरात दुकानदारांपर्यंत दोन-तीन महिने आधी पोहोचते. विक्रीच्या सुमारे तीन ते पाच आठवडे आधी ‘फायनल ऑर्डर कटऑफ’ असतो. त्यानंतर आकडा बदलता येत नाही. म्हणजे पहिल्या अंकाची मागणी लेखक-चित्रकाराचे नाव आणि मुखपृष्ठ पाहून केलेली असते. महिन्याने येणाऱ्या दुसऱ्या अंकाची अंतिम मुदतही बहुधा पहिला अंक दुकानात पोहोचण्याच्या सुमारासच येते. वाचकांना कथा आवडली की नाही, हे कळायच्या आत दुकानदाराला दुसऱ्याचा आकडा द्यावा लागतो, आणि तो सावधपणे कमीच देतो. समीक्षेचा खरा परिणाम दिसू शकतो तो तिसऱ्या अंकापासून.

गंमत अशी की सर्वाधिक समीक्षा लिहिल्या जातात त्या पहिल्या अंकावर. चौथ्या-पाचव्या अंकाकडे फारसे कोणी फिरकत नाही. दुकानदाराला मदतीची गरज असते ती नेमकी तेव्हा.

विक्रीचे आकडेही पूर्ण खरे बोलत नाहीत. ते दुकानांनी मागवलेल्या प्रतींचे असतात, वाचकांनी विकत घेतलेल्या प्रतींचे नव्हे. त्यात भर पडते वेगळ्या मुखपृष्ठांची. 25 साध्या प्रती घेतल्या तर दुर्मीळ मुखपृष्ठाची एक प्रत मागवता येते, अशा योजना असतात. ती एक प्रत संग्राहकाला चढ्या भावाने विकण्यासाठी काही दुकाने गरजेपेक्षा जास्त अंक घेतात. 1991 मध्ये ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या 80 लाखांहून अधिक प्रती गेल्या. अनेकांनी गुंतवणूक म्हणून तो जपून ठेवला. इतक्यांनी जपल्यामुळेच तो कधी दुर्मीळ झाला नाही. पुढच्या काही वर्षांत हा फुगा फुटला आणि दुकाने मोठ्या संख्येने बंद पडली.

एकाच वितरकाच्या हाती सगळे कसे गेले?

डायमंडची सुरुवात 1982 मध्ये स्टीव्ह गेपी यांनी बाल्टिमोरमध्ये केली. तेव्हा स्पर्धक बरेच होते. 1994च्या अखेरीस मार्व्हलने ‘हीरोज वर्ल्ड’ ही वितरण कंपनी विकत घेऊन आपला माल तिच्यामार्फतच द्यायचे ठरवले. धास्तावलेल्या डीसी, इमेज आणि डार्क हॉर्स यांनी डायमंडशी एकमेव वितरक म्हणून करार केले. उरलेला मोठा स्पर्धक ‘कॅपिटल सिटी’ 1996 मध्ये डायमंडनेच घेतला. मार्व्हलचा प्रयोग फसला आणि 1997 मध्ये तीही डायमंडकडे आली. अमेरिकी न्याय विभागाने मक्तेदारीची चौकशी केली, पण कारवाईविना ती 2000 मध्ये बंद केली.

हा डोलारा करोनाने हलवला. एप्रिल 2020 पासून डायमंडने नव्या अंकांचा पुरवठा थांबवला. तो मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू झाला, पण तोवर डीसीने इतर वितरक शोधले होते. जूनमध्ये डीसीने डायमंडशी संबंध तोडले आणि विक्रीचा वारही मंगळवार केला. बुधवारकडे ती परतली जुलै 2024 मध्ये. मार्व्हल ऑक्टोबर 2021 पासून ‘पेंग्विन रँडम हाऊस’कडे गेली, इमेज 2023 मध्ये ‘लुनार’कडे. मोठी गिऱ्हाईके एकेक करून उठून गेल्यावर डायमंडकडे उरले ते मुख्यतः मधले आणि छोटे प्रकाशक.

छोट्यांचा माल गोदामात का अडकला?

दिवाळखोरीतला सर्वात कटू वाद याच प्रकाशकांचा आहे. त्यांनी पुस्तके डायमंडच्या गोदामात ठेवली होती, ती विक्रीनंतर पैसे मिळण्याच्या बोलीवर. मालकी प्रकाशकांचीच, असा त्यांचा समज. पण अर्जानंतर काही महिन्यांनी डायमंडने कर्जफेडीसाठी हा मालच विकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. शंभराहून अधिक प्रकाशकांचा साठा त्यात होता. डायनामाइटसह अनेकांनी विरोध केला. त्यांच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान. आधी विकलेल्या अंकांचे पैसे थकलेले, आणि स्वतःची पुस्तके दुसऱ्याच्या कर्जापोटी स्वस्तात बाजारात येण्याची भीती.

बड्या कंपन्यांना याचा फारसा फटका बसला नाही. डीसीच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा ऑक्टोबर 2024 मधला पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. मार्व्हलच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चेही त्याच वर्षी असेच झाले. ग्राहक दुकानात येतो तो या अंकांसाठी. शेजारच्या फळीवरचा अनोळखी अंक तो सहज चाळतो, कधी घेतोही. आता दुकानदाराला दोन-तीन वितरकांच्या वेगवेगळ्या मुदती आणि बिले सांभाळायची आहेत. अशा वेळी पहिली कात्री लागते ती त्या अनोळखी अंकाला. म्हणूनच दुकानदार ग्राहकांना ‘पुल लिस्ट’मध्ये, म्हणजे बाजूला काढून ठेवायच्या अंकांच्या यादीत, आधीच नाव घालण्याचा आग्रह धरतात.

आपल्याकडच्या वाचकाचे काय?

पुण्या-मुंबईतला बहुतेक वाचक हे अंक मोबाइलवर वाचतो. अ‍ॅमेझॉनने 2014 मध्ये घेतलेले ‘कॉमिक्सॉलॉजी’ हे लोकप्रिय अ‍ॅप 2023 च्या अखेरीस किंडलमध्ये विलीन झाले. ‘मार्व्हल अनलिमिटेड’वर नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात. इथल्या वाचकाने तिथे एखादी मालिका आवडीने सुरू केली, तरी त्याचे वाचन दुकानदाराच्या मागणीत कुठेच मोजले जात नाही. तो पहिला अंक उघडतो, तेव्हा दुकानांत चौथा आलेला असतो आणि पाचव्याची मुदत सरलेली असते. खप कमी असेल, तर मालिका बंद होत असल्याची घोषणाही तोवर होऊन गेलेली असू शकते.