गोणीवरचा दुसरा आकडा

बीड जिल्ह्यात गोगलगाय म्हटली की २०२२चा खरीप आठवतो. शंखी गोगलगायीने सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हा शेततळ्यात गोगलगाय पाळण्याचा विषय काढला की लोक हसणारच. पण ती शंखी गोगलगाय आफ्रिकेतून आलेली, जमिनीवरची. बंगाल, बिहार, आसामात लोक आवडीने खातात ती बेलामिया आपल्याच मुलखातली, गोड्या पाण्यातली. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर आपल्याकडे तळी वाढली. मासळीच्या जोडीला या गोगलगायीचा विचार करणाऱ्यांनी आधी खाद्याच्या गोणीवरचे आकडे नीट वाचावेत.

गोणीवर २८/४ किंवा ३२/५ असं छापलेलं असतं. पहिला आकडा प्रथिनांचा, दुसरा स्निग्धांशाचा. दुसरा आकडा मोठा तेवढा माल लवकर तयार, असा हिशेब काही जण मांडतात. माशातही तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे, आणि गोगलगायीत तर ही मर्यादा फार लवकर येते. ती आपली शिल्लक मुख्यतः ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, चरबीच्या रूपात कमी. थोडं तेल तिलाही हवंच, नाहीतर महागामोलाची प्रथिनं नुसती जळणासाठी खर्च होतात. शिवाय बेलामिया थेट कवचासकट पिल्लं देते, त्यामुळे मादीचा खर्च मोठा. पण तेल वाढवत नेलं की चक्र उलटं फिरतं. वजनाला वजन धरलं तर चरबीत प्रथिनांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. जीव लवकर तृप्त होतो, खाद्य कमी उचलतो, आणि मांसाला लागणारी प्रथिनं व कवचाला लागणारा चुना दोन्ही कमी पडतात.

आपल्याकडची खरी अडचण मात्र टक्क्यांची नाही, उन्हाची आहे. तेल न काढलेल्या तांदळाच्या कोंड्यात १२ ते १८ टक्के तेल असतं, आणि भात गिरणीत सडताच कोंड्यातलं विकर त्या तेलावर काम सुरू करतं. हा कोंडा बाहेरगावाहून येतो, मग एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहतो. मूठभर काढून बघा: गुठळ्या, बोटांना चिकटपणा आणि नाकाला झोंबणारा खवट वास. असं खाद्य स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. त्यातलं ई जीवनसत्त्व आधीच गेलेलं असतं. गेवराई-माजलगावात सहज मिळणारी सरकी पेंडही जपून वापरायची. घाण्याच्या पेंडीत तेल उरतं, वर गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य असतंच.

आमचं मत सरळ आहे. सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, आधाराला घ्या. तिच्यात तेल जेमतेम एक टक्का. त्यात ताजं सोयाबीन तेल अगदी थोडं मिसळा. या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आणि सुमारे ७ टक्के लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६ बरोबर थोडं ओमेगा-३ही मिळतं. एकूण स्निग्धांश तीन-चार टक्क्यांच्या पुढे न्यायची घाई नको. खाद्य आठ-पंधरा दिवस पुरेल एवढंच मिसळा. आणि ते बुडणारं हवं. तरंगत्या गोळ्या मासे खातील, तळाशी सरपटणाऱ्या बेलामियाच्या वाट्याला काही येणार नाही. प्लास्टिकच्या तळ्यात गाळ आणि शेवाळ कमी, म्हणून तिथे ही काळजी दुप्पट.

एक गोष्ट खाद्याबाहेरची, पण सांगायलाच हवी. तळ्यावर शेळ्या-मेंढ्या पाणी प्यायला येत असतील तर ओढ्यातून दिसेल ती गोगलगाय उचलून आणू नका. लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस या जाती जनावरांच्या पर्णकृमींना आसरा देतात.

वाढ मोजताना कवचासकट वजनावर विसंबू नका. दर महिन्याला थोड्या गोगलगायी उकडा, मांस वेगळं काढून तोला आणि कोणत्या खाद्यावर किती भरलं ते वहीत लिहा. हे आकडे आमच्याकडे पाठवा. बीडच्या पाण्यातले, बीडच्या उन्हातले आकडे आपल्याला हवे आहेत.